विज्ञानकथा : पुरस्कार व निकष

विज्ञानातील एखादे ज्ञात तत्त्व, किंवा त्या तत्त्वापासून तर्काने संभवणारी एखादी कल्पना केंद्रस्थानी ठेवून तिच्या परिणामांचे मानवी जीवनाच्या संदर्भात केलेले कथन म्हणजे विज्ञानकथा. या कथाप्रकारासाठी स्वतंत्र स्पर्धा व पुरस्कार ठेवण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाली. मराठीत तिचा पाया मराठी विज्ञान परिषदेने १९७० साली सुरू केलेल्या विज्ञानरंजन कथास्पर्धेने घातला. अशा पुरस्कारास पात्र कथा कोणती, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. विज्ञानाची अचूकता, कल्पनेची नवता, कथेचे साहित्यगुण आणि तिच्यातील मानवी आशय यांपैकी कशाला किती वजन द्यावयाचे, याविषयी परीक्षक, लेखक व वाचक यांच्यात आरंभापासून मतभेद आहेत. निकष आधी ठरले व कथा नंतर लिहिल्या गेल्या, असे कोठेच घडलेले नाही. कथा लिहिल्या जात असताना व पुरस्कारांचे निर्णय होत असतानाच निकष घडत गेले. मराठीतील अनुभव या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

पूर्वपीठिका : मेरी शेली हिची फ्रँकेन्स्टाइन (१८१८) ही कादंबरी या प्रकाराचा आरंभ मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच कादंबरीकार झ्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) व इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) यांनी त्याला निश्चित रूप दिले. या दोघांच्या लेखनदृष्टीतील भेद हाच पुढील सर्व वादांचा उगम होय. व्हेर्नने चंद्रावर माणसे पाठविण्यासाठी प्रचंड तोफेची योजना केली व तिचे गणित मांडले. वेल्सने त्याच प्रवासासाठी गुरुत्वाकर्षण रोखणारा एक काल्पनिक पदार्थ कल्पिला. असा पदार्थ कोठे आहे तो दाखवा, अशी व्हेर्नची तक्रार होती. आज पाहता तोफेतून सुटलेला प्रवासी त्या धक्क्यातून जिवंत राहणे अशक्य आहे, हे उघड आहे आणि वेल्सचा पदार्थही अस्तित्वात नाही. तरीही दोन्ही कादंबऱ्या वाचल्या जातात. केवळ साधनाची शक्याशक्यता हा अंतिम निकष ठरू शकत नाही, याची ही पहिली खूण म्हणता येईल. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ मध्ये अमेरिकेत केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्यामुळे या प्रकाराला स्वतंत्र वाचकवर्ग मिळाला. पण त्याचबरोबर तो मुख्य साहित्यप्रवाहापासून वेगळाही पडला.

भारतात विज्ञानकथेचा आणि स्पर्धेचा संबंध फार जुना आहे. कलकत्त्याचे उद्योजक हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या नावाने कथास्पर्धा सुरू केली होती. कथेत त्या तेलाचा उल्लेख यावा, मात्र ती जाहिरात वाटू नये, अशी तिची अट होती. १८९६ मध्ये या स्पर्धेचे पारितोषिक मिळालेली ‘निरुद्देशेर काहिनी’ ही कथा भौतिकीविज्ञ जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) यांची होती. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. कलकत्त्यावर चालून येणारे चक्रीवादळ अकस्मात नाहीसे होते आणि वेधशाळांना त्याचा उलगडा होत नाही. कथेच्या शेवटी कळते, की वादळात सापडलेल्या जहाजावरील एका प्रवाशाने तेलाची बाटली समुद्रात ओतली होती. तेलाच्या पातळ थराने पाण्याच्या पृष्ठभागावरील लाटा शमतात, हे वैज्ञानिक तथ्य विनोदी अतिशयोक्तीपर्यंत ताणून लेखकाने कथा रचली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की व्यापाऱ्याने घातलेली बाहेरची अट लेखकाने कथेचे मर्म बनविली. तेल काढून घेतले, तर कथाच उरत नाही. विज्ञानकथेच्या पुढील सर्व चर्चेत वारंवार येणारा अपरिहार्यतेचा निकष या कथेत नकळत पाळला गेला आहे. बोस यांनी पुढे तिचे संस्करण करून ‘पलातक तुफान’ या नावाने ती अव्यक्त (१९२१) या आपल्या संग्रहात समाविष्ट केली.

मराठीतील आरंभ : कृष्णाजी नारायण आठल्ये (१८५३–१९२६) यांच्या केरळकोकिळ या मासिकातून व्हेर्नच्या चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी वाचकांसमोर आली. त्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा प्रसिद्ध झाली; स्वतंत्र मराठी विज्ञानकथांत तिचा निर्देश सामान्यतः प्रथम केला जातो. यानंतरच्या काळात भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हेर्न व वेल्स यांच्या कथा किशोरवाचकांसाठी अत्यंत प्रवाही मराठीत आणल्या. द. पां. खांबेटे, नारायण धारप (१९२५–२००८) इ. लेखकांनी या प्रकारात लेखन केले व नवलसारख्या मासिकांनी त्यास जागा दिली. तथापि या काळात विज्ञानकथा ही रहस्यकथा, भयकथा व अद्‌भुतकथा यांच्या शेजारीच ओळखली जात होती. समीक्षकांच्या दृष्टीने ती एक तर मुलांची करमणूक होती, नाही तर प्रवासात वाचावयाचे वाङ्मय होते. तिचे गुणदोष ठरविण्यासाठी स्वतंत्र मोजमाप असावे, अशी गरजच कोणास वाटली नव्हती. [→ कथा].

मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा : मराठी भाषेतून विज्ञानाचा प्रसार करण्याच्या हेतूने २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. व्याख्याने, संमेलने व पत्रिका यांच्या जोडीने तिने १९७० पासून विज्ञानरंजन कथांची वार्षिक स्पर्धा घेण्यास प्रारंभ केला. ही स्पर्धा कोणा साहित्यसंस्थेने नव्हे, तर विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेने सुरू केली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘विज्ञानरंजन’ या शब्दातच दोन अपेक्षा जोडलेल्या आहेत : कथेने विज्ञान सांगावे आणि रंजनही करावे. परिणामी कथा म्हणजे गोड आवरण घातलेली माहिती, असा समज होण्याचा धोका त्या योजनेत पहिल्यापासूनच होता. वैज्ञानिक तत्त्व समजावून सांगण्यासाठी दोन पात्रे बोलावयास लावावीत, एकाने अज्ञानाने प्रश्न विचारावेत व दुसऱ्याने उत्तरे द्यावीत, हा साचा अशा लेखनात सर्वत्र आढळतो. अशा रचनेत माहिती अचूक असते. परंतु ती माहिती एखाद्या लेखात दिली असती तरी काही बिघडले नसते. स्पर्धेला खरी दिशा मिळावयाची, तर विज्ञान आणि कथा यांचा संबंध केवळ आवरणाचा नाही, हे सिद्ध करणारी कथा पुढे येणे आवश्यक होते.

१९७४ ची घटना : खगोलभौतिकीविज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) हे १९७२ मध्ये केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. अहमदाबाद येथील एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना त्यांनी कथा लिहावयास घेतली. ‘कृष्णविवर’ हे तिचे नाव. ती परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेस पाठविताना आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव धारण केले. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये, यासाठी कथेची प्रत त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी आपल्या अक्षरात काढली. कथेला प्रथम पारितोषिक मिळाले आणि नंतरच जगताप म्हणजे कोण, हे उघड झाले.

ही घटना सामान्यतः एक मनोरंजक आठवण म्हणून सांगितली जाते. तथापि पुरस्कारांच्या इतिहासात तिला त्यापलीकडचा अर्थ आहे. विज्ञानकथेचे परीक्षण करताना लेखकाच्या वैज्ञानिक अधिकाराचे दडपण परीक्षकावर येते. प्रसिद्ध शास्त्रज्ञाने लिहिले आहे, म्हणजे विज्ञान बरोबर असणार आणि म्हणून कथाही चांगली असणार, असे अनुमान सहज केले जाते. नारळीकरांनी हे दडपण स्वतःहून दूर केले. जगताप या अनोळखी माणसाच्या कथेला तिच्या आधारासाठी पदवी नव्हती, संस्था नव्हती, कीर्ती नव्हती. होती ती केवळ कथा. कृष्णविवर ही संकल्पना त्या वेळी सामान्य मराठी वाचकाच्या परिचयाची नव्हती. एका अनोळखी लेखकाने ती कथेचा विषय केली आणि परीक्षकांनी ती कथा म्हणून स्वीकारली. ज्या संस्थेचा मूळ हेतू विज्ञानप्रसार हा होता, तिच्याच स्पर्धेत कथेची पारख नावाशिवाय झाली, ही मराठी विज्ञानकथेच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय.

या पारितोषिकाचे परिणाम लवकरच दिसून आले. किर्लोस्कर मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांना पुढील लेखनास प्रवृत्त केले. १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी या नव्या कथेची दखल घेतली. विज्ञानप्रसाराच्या वर्तुळात मिळालेल्या पारितोषिकाची नोंद साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर होणे, हे त्या काळात अपूर्व होते. यक्षांची देणगी (१९७९) हा नारळीकरांचा पहिला कथासंग्रह व त्यामागून प्रेषित (१९८३), वामन परत न आला (१९८६) इ. कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि विज्ञानकथा हा मराठीतील प्रतिष्ठित प्रकार बनला.

निकष : पुरस्कारप्राप्त व वाचकप्रिय कथांचा विचार केल्यास विज्ञानकथेच्या मूल्यमापनाचे काही निकष निश्चित करता येतात.

पहिला व सर्वांत महत्त्वाचा निकष अपरिहार्यतेचा. अमेरिकन लेखक थिओडोर स्टर्जन (१९१८–८५) याच्या मते चांगल्या विज्ञानकथेत समस्या मानवी असते, तिची उकलही मानवी असते. मात्र विज्ञानाचा आशय नसता, तर ती कथा घडलीच नसती. डाकू आणि शिपाई यांच्या पाठलागाची कथा घोड्यांऐवजी अंतराळयानांवर बसविली, म्हणजे विज्ञानकथा होत नाही. कारण याने काढून घोडे परत आणले, तरी कथेचे काहीच बिघडत नाही. याउलट नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत एका पृष्ठाच्या मोबियस पट्टीची व तीवरून फिरून आलेल्या वस्तूच्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल होण्याची कल्पना आहे. ती कल्पना वगळल्यास गणपतीची सोंड उजवीकडे वळणार नाही व क्रिकेटपटूचा हातही बदलणार नाही, म्हणजेच कथा घडणार नाही.

दुसरा निकष सुसंगतीचा. लेखकाला एखादे गृहीत धरण्याची मुभा असते; परंतु एकदा ते धरल्यानंतर पुढील सर्व घटना त्यातून व ज्ञात निसर्गनियमांतून उद्‌भवल्या पाहिजेत. अडचणीच्या प्रसंगी नवीन गृहीत पुढे करून पात्रांची सुटका करणे, हा दोष होय. डार्को सुव्हिन या समीक्षकाने १९७९ मध्ये मांडलेल्या विवेचनात, परिचित जगापासून वाचकाला दूर नेणारी नवी गोष्ट आणि ती तर्काने समजून घेण्याची वाचकाची क्षमता, या दोहोंच्या संयोगाला विज्ञानकथेचे लक्षण मानले आहे. परीकथेत पहिली बाजू असते, दुसरी नसते. शास्त्रीय निबंधात दुसरी असते, पहिली नसते. अचूकता ही या निकषाचाच भाग असून ती कथा लिहिली गेली त्या काळच्या ज्ञानाला धरून पाहावयाची असते. मंगळावर बुद्धिमान प्राणी नाहीत, हे आज निश्चित झाले आहे. परंतु त्यामुळे वेल्सची द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स (१८९८) रद्द ठरत नाही, कारण बलाढ्य साम्राज्याच्या रहिवाशांना स्वतःवर आक्रमण झाल्याचा अनुभव देणे, हे तिचे मर्म अबाधित आहे.

तिसरा निकष मानवी परिणामाचा. यंत्राचे वर्णन हा कथेचा शेवट नसून आरंभ असतो. ‘पुत्रवती भव’ या कथेत नारळीकरांनी अपत्याचे लिंग निवडण्याचे तंत्र समाजाच्या हाती आले, तर काय होईल, याचा विचार केला आहे. तंत्र कसे चालते, यापेक्षा पुत्राची हाव असलेला समाज त्याचा उपयोग कसा करील, हा तिचा विषय आहे. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूचे संकट वैज्ञानिकांच्या उपायाने टळते. परंतु त्या धूमकेतूच्या संशोधकाच्या घरात मात्र ते श्रेय शांतीसाठी केलेल्या यज्ञाला दिले जाते. विज्ञान जिंकले, तरी वैज्ञानिक दृष्टी जिंकतेच असे नाही, ही बोचरी जाणीव ती कथा देते. सुबोध जावडेकर यांची आकांत ही कादंबरी २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री घडलेल्या भोपाळ येथील वायुदुर्घटनेवर आधारित आहे. तिच्यात भविष्यातील जग नाही. तरी तंत्रज्ञान व माणूस यांच्यातील संबंधाचा प्रश्न ती ज्या तीव्रतेने विचारते, त्यावरून तिचे नाते याच परंपरेशी जुळते.

चौथा निकष स्थलकालाशी असलेल्या नात्याचा. परकीय कथेतील नावे बदलून तयार केलेल्या कथेला तिच्या भाषेत मुळे नसतात. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा विजय झालेले एक वेगळे जग इतिहासाच्या प्राध्यापकाला दिसते. विश्वासरावाला लागलेली गोळी तेथे त्याच्या कानाजवळून निघून गेलेली असते. इतिहासाला फाटा फुटण्याची ही कल्पना जागतिक विज्ञानकथेत नवी नाही. फिलिप के. डिक याच्या द मॅन इन द हाय कॅसल या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धाचा निकाल उलटा कल्पिला असून तिला १९६३ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. परंतु पानिपताचे शल्य ज्या समाजाच्या म्हणी-वाक्प्रचारांतही रुतून बसले आहे, त्याच्यासाठी एका गोळीचा मार्ग किंचित बदलणे, ही केवळ तर्काची क्रीडा राहत नाही. उजव्या सोंडेच्या गणपतीविषयी महाराष्ट्रात असलेली कडक सोवळ्याची समजूत ठाऊक असलेल्या वाचकालाच मोबियस पट्टीच्या कथेतील गंमत पूर्णपणे कळते.

पाचवा निकष भाषेचा व रचनेचा. दुर्लक्ष बहुधा याकडेच होते. डॅन्येल कीझ याच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ (१९५९) या कथेला १९६० मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. मंदबुद्धी नायकावर शस्त्रक्रिया होऊन त्याची बुद्धी वाढत जाते आणि पुन्हा ओसरते. ही सर्व कथा त्याच्याच नोंदींतून, त्यांतील शुद्धलेखनाच्या व वाक्यरचनेच्या चढउतारातून वाचकाला कळते. प्रयोगाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता राहत नाही. मराठी विज्ञानकथा याबाबतीत अनेकदा उणी पडते. पानिपताच्या वर उल्लेखिलेल्या कथेतही शेवटी पुंजयामिकीच्या आधारे होणारा उलगडा एका पात्राच्या तोंडून संभाषणरूपाने येतो आणि कथा क्षणभर पाठाचे रूप घेते. विज्ञान घटनेतून प्रकट व्हावे, व्याख्यानातून नव्हे, ही अपेक्षा नव्या लेखकांकडून करणे अयोग्य ठरणार नाही.

अन्य मराठी लेखक : परिषदेच्या स्पर्धेमुळे व तिच्यामुळे निर्माण झालेल्या वातावरणामुळे १९७० नंतरच्या दोन दशकांत लेखकांची एक पिढी पुढे आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे इत्यादींचा तीत समावेश होतो. यांपैकी काहींचा व्यवसाय संशोधन वा तंत्रज्ञान हा होता, तर काही विज्ञानाचे अभ्यासू वाचक होते. लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा अन्य भाषिक वाचकांपर्यंतही पोहोचली. नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये फोंडके यांच्या संपादनाखाली भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. त्यात बंगाली, कन्नड, तमिळ इ. भाषांतील कथांबरोबर वरील सर्व लेखकांच्या कथा आहेत. मराठीचा त्यातील वाटा मोठा असून, एका भाषेत नियमितपणे स्पर्धा चालू राहिल्याचा हा लाभ मानावा लागेल.

पुरस्कारपद्धती : जगातील प्रमुख विज्ञानकथा-पुरस्कारांत निर्णयाच्या तीन पद्धती आढळतात. १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात प्रथम दिलेला ह्यूगो पुरस्कार हा संमेलनाच्या सदस्यांच्या, म्हणजे मुख्यतः वाचकांच्या मतांवर ठरतो. अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या १९६५ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचा नेब्यूला पुरस्कार लेखकांच्या मतांनी दिला जातो. ब्रिटनमधील आर्थर सी. क्लार्क पुरस्काराचा निर्णय परीक्षकमंडळ करते. तो १९८७ मध्ये प्रथम कॅनेडियन लेखिका मार्गारेट ॲटवुड हिच्या द हँडमेड्‌स टेल या कादंबरीस मिळाला.

प्रत्येक पद्धतीचे गुणदोष आहेत. वाचकांच्या मतदानात व्यापक रुचीचे प्रतिबिंब पडते. परंतु संघटित गटांना ते फिरविता येते. २०१५ मध्ये अशा गटांनी ह्यूगोच्या नामांकनांवर प्रभाव पाडला, तेव्हा उरलेल्या सदस्यांनी पाच विभागांत कोणासही पुरस्कार न देण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी चिनी लेखक लिऊ त्सिशिन याच्या द थ्री-बॉडी प्रॉब्लेम या कादंबरीला पुरस्कार मिळाला व भाषांतरित कादंबरीचा तेथे प्रथमच असा गौरव झाला. २०२३ मध्ये चीनमधील छंग्दू येथे भरलेल्या संमेलनात पुरेशी मते मिळूनही आर्. एफ्. क्वांग हिची बेबल ही कादंबरी व अन्य काही नामांकने अपात्र ठरविली गेली आणि त्यांची कारणे देण्यात आली नाहीत. हे जानेवारी २०२४ मध्ये मतांची आकडेवारी प्रसिद्ध झाल्यावर उघडकीस आले. लेखकांच्या मतांवरील नेब्यूला पुरस्कार तत्पूर्वीच त्या कादंबरीस मिळालेला होता. पुरस्काराची प्रतिष्ठा विजेत्या कृतीइतकीच निर्णयप्रक्रियेच्या शुद्धतेवर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते. १९७४ मध्ये एका मराठी स्पर्धकाने स्वतःचे नाव लपवून जी खबरदारी घेतली, तिचे महत्त्व अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर अधिकच जाणवते.

स्वतंत्र पुरस्कारावरील आक्षेप : विज्ञानकथेला वेगळा पुरस्कार देणे म्हणजे तिला साहित्याच्या मुख्य पंक्तीतून उठवून वेगळ्या पाटावर बसविणे होय, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. ॲटवुड हिने आपल्या कादंबरीस विज्ञानकथा म्हणण्याऐवजी, प्रत्यक्षात घडू शकेल अशा गोष्टींविषयीची तर्ककल्पित कथा म्हणणे पसंत केले. त्यामागे शिक्का टाळण्याची इच्छा दिसते. मराठीतही स्थिती फारशी वेगळी नाही. ज्या लेखकाने हा प्रकार मराठीत प्रतिष्ठित केला, त्या नारळीकरांना साहित्य अकादेमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, तो चार नगरांतले माझे विश्व या आत्मचरित्रास. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांपैकी कोणत्याही कृतीस नव्हे. अर्थात २०२१ च्या डिसेंबरमध्ये नासिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तथापि कराडच्या व्यासपीठावरील एका निर्देशापासून नासिकच्या अध्यक्षपदापर्यंतच्या ४६ वर्षांच्या या वाटचालीत विज्ञानकथेने मराठी साहित्यात मिळविलेले स्थान स्पष्ट होते.

आक्षेपाची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. स्वतंत्र स्पर्धा नसती, तर १९७४ मध्ये ‘जगताप’ यांची कथा पाठविण्यास योग्य ठिकाणच उपलब्ध नव्हते. सर्वसाधारण कथास्पर्धेत कृष्णविवर म्हणजे काय, येथपासूनच प्रश्न निर्माण झाला असता. नव्या प्रकाराला आरंभी कुंपणाची गरज असते. रोप वाढल्यानंतर तेच कुंपण त्याचा विस्तार रोखू शकते. म्हणून विज्ञानकथा-पुरस्काराच्या परीक्षकांनी साहित्याच्या सर्वसाधारण कसोट्यांत सवलत देऊ नये, तर त्या सर्व कसोट्या लावून अपरिहार्यतेची आणखी एक कसोटी त्यांत मिळवावी, हे उचित होय. ‘विज्ञानकथेच्या मानाने चांगली’ असा अभिप्राय ज्या कथेविषयी द्यावा लागतो, ती पुरस्कारास पात्र नाही, असे समजावे.

समारोप : विज्ञानाच्या प्रगतीचा वेग पाहता विज्ञानकथेपुढे आज वेगळाच प्रश्न उभा आहे. जनुकांचे संपादन, कृत्रिम बुद्धिमत्ता, हवामानातील बदल हे विषय कल्पनेच्या प्रदेशातून वृत्तपत्रांच्या स्तंभांत आले आहेत. केवळ नवे यंत्र दाखवून वाचकाला चकित करणे आता शक्य राहिलेले नाही. त्यामुळे नवलाच्या बळावर उभ्या असलेल्या कथा लवकर जुन्या होतील आणि त्या नवलापुढे माणूस कसा वागतो, हे दाखविणाऱ्या कथा टिकतील. चक्रीवादळ शमविणारी तेलाची बाटली, उजवीकडे वळलेली सोंड, विश्वासरावाच्या कानाजवळून गेलेली गोळी आणि यज्ञाला मिळालेले धूमकेतूचे श्रेय ही सर्व उदाहरणे याच गोष्टीची साक्ष देतात. विज्ञानाने प्रश्न निर्माण करावा, कथेने त्याची किंमत माणसाच्या आयुष्यात मोजून दाखवावी आणि दोहोंपैकी एकही बाजू वगळली असता काहीच उरू नये, हे विज्ञानकथेचे वैशिष्ट्य होय. पुरस्काराने गौरव व्हावयाचा, तो याच गुणाचा.